कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या, चपला शिवणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण तुम्ही केलेलं चार लोकांना कळावं असं फार वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

आईला कितीतरी वर्षांपासून कोल्हापूर बघायचं होतं. अंबाबाईचं दर्शन, न्यू पॅलेसमधलं शाहू महाराजांचं संग्रहालय, रंकाळ्यावरची संध्याकाळ, गुजरीच्या सराफ बाजारात कोल्हापुरी साज नुसता बघायचा आणि पायात कोल्हापुरी घालून लातूरला परतायचं, एवढं तिचं ठरलेलं. चपलेची घाई इतकी, की पहिल्याच सकाळी एका झगमगीत दुकानातून घेऊन टाकली. "शंभर टक्के अस्सल चामडं, दोन दिवसांत पायात बसेल," असं छातीठोकपणे सांगून त्यांनी चौदाशे रुपये घेतले. आई लगेच ती घालून फिरायला निघाली.

दुपारी भवानी मंडपाजवळ चपलेचा अंगठा उसवला. परत त्या दुकानात गेलो, तर त्या माणसाने आमच्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. "विकलेला माल बदलून मिळत नाही." आई उभी होती, तिला कुणी बस म्हणालं नाही. पैशांपेक्षा त्याचा मला अजून राग येतो.

तुमच्याकडे आलो ते फक्त अंगठा शिवून घ्यायला. तुम्ही चप्पल हातात घेतली, कड जराशी वाकवली आणि म्हणालात, "ह्यात कातडं न्हाईच, आक्का. रेक्झीन हाय." मग चप्पल बाजूला ठेवून आईचा पाय हातात घेतलात. ती संकोचली, "अहो, पायाला हात नका लावू." तुम्ही म्हणालात, "आमचं कामच पायाचं हाय की."

पाय उलटा केलात आणि थांबलात. करंगळीच्या खाली फोड फुटून रक्त आलं होतं. आईला पंधरा वर्षांची शुगर आहे, पायाला संवेदना कमी. तिला काही कळलंच नव्हतं. त्याच पायाने ती देवळात अनवाणी फिरून आली होती. मी तिची मुलगी, सकाळपासून सोबत, माझ्याही लक्षात आलं नाही. तुमच्या लक्षात आलं.

माठातल्या पाण्याने जखम धुतलीत, स्वच्छ फडकं बांधलंत. समोर कापशी चपलांचे जोड टांगलेले होते, आई त्यांच्याकडे बघत होती. एक जोड सहज विकता आला असता. तुम्ही साफ सांगितलंत, "आज चप्पल देत न्हाई. आधी डाक्टरला दावा."

आणि मग ते, जे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आईचा पाय जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारलीत आणि फोड होता तिथे एक छोटी फुली केलीत. "हितं पट्टा येऊ द्यायचा न्हाई." आगाऊ पैसे देऊ केले तर हात मागे घेतलात.

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात वाचून बरं वाटलं होतं. पण बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवलेला तळ, ही कारागिरी झाली. ज्याच्या पायात चप्पल जायची त्या माणसाची काळजी कुठल्या मानांकनात मोजत असतील? तुमच्यासारखी माणसं बाजारात बसलेली आहेत म्हणून परगावी कुणावर विश्वास टाकायची हिंमत होते.

जखम भरायला सात आठवडे लागले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. गेल्या आठवड्यात भाच्याने तुमचा जोड आणून दिला. फुलीच्या जागी खरंच पट्टा नाही, चपलेचा बाजूचा कान थोडा मागे घेतलाय आणि आतून मऊ कातड्याचं अस्तर लावलंय. डॉक्टरांनी अंगणात थोडा वेळ घालायची परवानगी दिली आहे. काल आईने तीन फेऱ्या मारल्या, करकर वाजली की हसत होती. संध्याकाळी मी तिचा पाय उलटा करून नीट पाहिला, तुम्ही पाहिला होतात तसा. काही नव्हतं.

नवरात्र झालं की आम्ही परत येतोय. आई तुमच्यासाठी पाच किलो तूरडाळ आणणार आहे, आमच्या लातूरची. तेवढी मात्र नको म्हणू नका.

तुमची,
आक्कांची लेक