नव्या ट्रेलरच्या पोटाखालचा गंज : मित्रास पत्र

भुसावळ,
दि. १४ एप्रिल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी शहाद्याहून निघताना तुझा उतरलेला चेहरा पाहिला आणि नंदुरबारपासून भुसावळपर्यंत गाडीत तोच डोळ्यांसमोर राहिला. वहिनींना घेऊन तोरणमाळच्या तलावाकाठी, उनपदेवला, जमलेच तर नर्मदेच्या पलीकडेही मुक्काम करीत हिंडावे, या हौसेने तू गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर हा गाडीमागे ओढायचा मुक्कामी ट्रेलर, चाकांवरचे घरच, घेतलास, आणि वर्ष भरण्याच्या आतच त्याच्या पोटाखाली गंज दिसला. तुला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. त्या दिवशी मी घाईत बोललो आणि फोनवर सांगितलेले निम्मे हवेत विरून जाते, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. हे पत्र जपून ठेव, कामाच्या वेळी जवळ असू दे.

आधी तुझी मोठी चिंता दूर करतो. रेल्वेच्या मालडब्यांच्या पोटाखाली माझी एकतीस वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावर सांगतो की तुझ्या ट्रेलरची चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गेलेली नाही. मी पाठीवर झोपून दोन्ही लांब चॅनल, आडवे पाईप, ऍक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे कंस असे सारे टोकदार पेचकसाने टोचून पाहिले. कुठेही टोक आत शिरले नाही. हातोडीने हलके ठोकल्यावर आवाज खणखणीत आला. लोखंड आतून खाल्लेले असले की तो आवाज बद्द येतो, आणि एकदा कानाला ओळख झाली की तो फरक चुकत नाही. तेव्हा आज जे आहे ते वरवरचे आहे, मात्र एक पावसाळा असाच गेला तर ते वरवरचे राहणार नाही.

मला तिथे तीन प्रकारचा गंज दिसला आणि तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत. चॅनलच्या सपाट भागावर रंगाचे पोपडे निघून खाली निळसर काळा थर आणि त्याच्या कडेने नारिंगी डाग दिसतात. तो काळा थर म्हणजे कारखान्यात तापलेले लोखंड लाटताना त्यावर चढणारी साय, जिला आमच्याकडे मिल स्केल म्हणत. ती घासून न काढता वर रंग दिला की काही महिन्यांत ती तडकते आणि रंगासकट सुटते. दुसरा गंज वेल्डिंगच्या टाक्यांवर आहे. टाका मारल्यावर त्यावरची राख आणि आजूबाजूला उडालेले थेंब काढावे लागतात, आणि उष्णतेने जळालेला रंग पुन्हा द्यावा लागतो. तुझ्या ट्रेलरच्या मागच्या बाजूच्या बहुतेक टाक्यांवर हे झालेले नाही. हे दोन्ही दोष बनवणाऱ्याचे आहेत, यात मला शंका नाही.

तिसरा गंज मात्र आपल्या खळ्यातला आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून बोलायचे आहे. तू सारा दोष दिवाळीत गुजरातेतल्या तिथल गावच्या समुद्रकिनारी काढलेल्या दोन रात्रींना देतोस. खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजते, हे खरेच आहे. पण ट्रेलर किनाऱ्यावर दोन रात्री होता आणि उरलेले जवळजवळ सारे वर्ष तो तुझ्या शेडमध्ये, डाव्या चाकापासून हातभर अंतरावर रचलेल्या खतांच्या पोत्यांशेजारी उभा होता. केळीला आणि पपईला तू जो लाल-पांढरा पोटॅश देतोस, तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने मिठाचा सख्खा भाऊ आहे. मिठात सोडियम क्लोराइड असते, पोटॅशमध्ये पोटॅशियम क्लोराइड, आणि त्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग क्लोरीनचा असतो. फाटक्या पोत्यातून त्याची धूळ उडते, ओलसर पाट्यांवर बसते आणि तिथे समुद्रकिनाराच तयार होतो. त्यात युरियाची भर पडते. हवेतला दमटपणा सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की युरिया ओलावा ओढून पाघळू लागतो, हे पोती फोडताना तू दर श्रावणात पाहतोस. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो. क्षारांमुळे ते पाणी वीज वाहून नेऊ लागते आणि तीच क्रिया कितीतरी वेगाने होते. ट्रेलरची उजवी बाजू डावीपेक्षा स्वच्छ का आहे, याचे दुसरे उत्तर मला सापडत नाही. खाली शेणामातीची जमीन आहे, तिच्यातून पावसाळाभर ओल वर येते, तीही त्याच पोटाला लागते.

म्हणून रंगाचा डबा आणण्याच्या आधी शेड रिकामी कर. पोती दुसऱ्या खोलीत लाकडी फळ्यांवर ठेव, किंवा ट्रेलरच बाहेर काढून वरून छप्पर आणि चारही बाजू मोकळ्या अशा जागी, फरशीवर उभा कर. ताडपत्रीने तो जमिनीपर्यंत गुंडाळू नकोस. आतली दमट हवा बाहेर जायला वाट राहिली नाही, तर उघड्यावर चढेल त्याहून लवकर गंज चढतो.

तुझ्या शेजाऱ्यांनी दोन उपाय सांगितले होते, डांबर फासण्याचा आणि जळके ऑइल मारण्याचा. दोन्ही आपल्याकडे सर्रास होतात आणि सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, तरीही दोन्ही करू नकोस. माझ्या धाकट्या भावाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मी स्वतः असेच गंजावर काळे डांबरी लेपन दिले होते. वरून ते सुरेख दिसत होते. दोन पावसाळ्यांनंतर एका आडव्या पट्टीवरचे लेपन हाताने ओढले, तर केळीच्या सोपासारखे लांबच लांब निघाले आणि खाली तपकिरी खवल्यांचे थर. कुठेतरी पडलेल्या केसाएवढ्या भेगेतून पाणी आत गेले होते आणि त्याला बाहेर पडता येत नव्हते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून लेपन उचलत राहतो आणि नवी भेग पाडतो. ती पट्टी शेवटी कापून बदलावी लागली. लोड भरलेला असताना ती तुटली असती तर काय झाले असते, हा विचार आजही मनात येतो. जळक्या ऑइलचे सांगायचे तर त्यात आम्ले आणि धातूंचा चुरा असतो, ते पाट्यांचे रबरी बुश खराब करते, धूळ धरून ठेवते, आणि पहिल्या पावसात तुझ्याच विहिरीकडे वाहते.

आता प्रत्यक्ष कामाचे. पण त्याही आधी एक कागदी काम आहे, आणि ते याच आठवड्यात झाले पाहिजे. आखाजीला वर्ष पूर्ण होते, म्हणजे हमीची मुदतही बहुधा तेव्हाच संपते. गंज जसा आहे तसाच ठेवून दिवसाच्या उजेडात त्याचे फोटो काढ. काहींमध्ये चॅसी क्रमांक दिसू दे, काहींमध्ये मोजपट्टी. मग विक्रेत्याला लेखी कळव की मिल स्केल न काढता रंग दिला आहे आणि टाक्यांवर संरक्षण नाही, आणि हे दुरुस्त करून द्या किंवा खर्च सोसा. खताच्या शेडची गोष्टही लपवू नकोस. डाव्या बाजूचा वाटा आपला आहे, पण टाक्यांचा दोष दोन्ही बाजूंना सारखा आहे, आणि हेच तुझे म्हणणे बळकट करते. त्यांनी दाद दिली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तू राहतोस त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच, म्हणजे नंदुरबारला तक्रार करता येते, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. उत्तर येण्याआधी ग्राइंडर लावलास तर पुरावाच पुसला जाईल. पंधरा दिवस वाट पाहा. एवढा वेळ आपल्याकडे आहे, कारण मृग अजून दूर आहे.

काम सुरू करशील तेव्हा पहिली पायरी धुण्याची, घासण्याची नव्हे. कोरड्या गंजावर तारेचा ब्रश फिरवला की क्षार खड्ड्यांत आणखी खोल दाबले जातात. बोअरचे पाणी खारवट असेल तर वापरू नकोस, विहिरीचे किंवा पिण्याचे गोडे पाणी घे, आणि पाट्यांच्या फटींवर भरपूर मार. चाकांच्या बेअरिंगवर आणि वायरच्या जोडांवर मात्र जोराचा फवारा नको. आपल्या उन्हाळ्यात ते दोन तासांत खडखडीत वाळेल. हा एक फायदा खानदेशाला आहे, जो कोकणातल्या माणसाला नाही.

ट्रेलर जॅकवर उचलल्यावर केवळ जॅकच्या भरवशावर त्याच्याखाली जाऊ नकोस. चारही बाजूंना भक्कम घोड्या किंवा सागाचे ठोकळे लाव, जमिनीवर राहिलेले चाक घरंगळू नये म्हणून त्याला ओट लाव, गॅसची टाकी काढून लांब ठेव आणि बॅटरीची तार सोड. ग्राइंडरच्या ठिणग्या थेट तळाच्या प्लायवूडखाली उडणार आहेत. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच, कारण झोपून काम करताना सगळी भुकटी चेहऱ्यावर येते.

घासण्याच्या कामात कंजूषी करू नये. लहानपणी आपल्या गल्लीत कल्हईवाला येत असे, तो आठव. भांडे नवसागराने पुसून पुसून लख्ख केल्याशिवाय तो कथील लावत नसे, कारण मळक्या तांब्यावर कथील धरतच नाही. लोखंडाचेही तसेच आहे. सुटे खवले, पोपडे, टाक्यांवरची राख आणि थेंब पूर्ण निघाले पाहिजेत, मिल स्केल जिथे हलते तिथे खाली चकचकीत धातू दिसेपर्यंत जायचे, आणि जिथे चांगला रंग उरला आहे तिथे त्याची कड पॉलिश पेपरने उतरती करायची. मग पुन्हा एकदा गोड्या पाण्याने धुऊन वाळू द्यायचे.

खड्ड्यांत जो घट्ट गंज उरेल त्यासाठी गंज पालटवणारे द्रावण मिळते. त्यात फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल, क्वचित दोन्ही असतात. टॅनिकवाल्याचे काम तुला माहीत आहे, फक्त ते वेगळ्या नावाने: हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातली की जी काळी शाई होत असे, तीच क्रिया इथे गंजाच्या लोखंडाबरोबर होते आणि नारिंगी डाग निळसर काळा पडतो. फॉस्फरिक आम्ल लोखंडाचे फॉस्फेट बनवते. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे, त्याचे मोठे कारण त्या लोखंडातले फॉस्फरसचे जास्त प्रमाण हेच आहे, असे कानपूरच्या आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. त्या स्तंभावर फॉस्फेटचा पातळ पापुद्रा तयार झाला आहे. दिल्लीची कोरडी हवाही त्याच्या मदतीला आहे, जशी आपली आठ महिने असते. द्रावण डब्यावर लिहिले असेल तितकाच वेळ ठेव, आणि ब्रेकच्या भागांवर किंवा रबरावर ते जाऊ देऊ नकोस.

इथे एक चूक हमखास होते, म्हणून ठळकपणे सांगतो. दुकानदार तुला जस्तयुक्त प्रायमर सुचवेल, आणि तो उत्तमच असतो. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. परंतु हे घडण्यासाठी जस्ताचा कण उघड्या लोखंडाला प्रत्यक्ष भिडला पाहिजे. पालटवलेल्या काळ्या थरावर तो प्रायमर मारला तर मधे पडदा येतो आणि जस्ताचा उपयोग राहत नाही. तेव्हा जिथे धातू पूर्ण चकचकीत झाला आहे तिथे जस्तयुक्त प्रायमर, आणि जिथे द्रावण लावले आहे तिथे दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर. फॅब्रिकेशनवाले जे तांबडे रेड ऑक्साइड मारतात, ते एकटे पुरत नाही. त्यातून पाणी झिरपते, म्हणून त्यावर रंग हवाच असतो. चांगल्या जस्ती मुलाम्यासाठी चॅसी ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवावी लागते, जे वर घर बसवण्याआधीच शक्य होते. पुढच्या वेळी कोणी ट्रेलर घेताना तुला विचारले, तर हाच प्रश्न आधी विचारायला सांग.

इपॉक्सीचे मिश्रण आपल्या उन्हात डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या बरेच आधी घट्ट होते, म्हणून थोडे थोडेच कालव. सकाळी सात ते दहा एवढ्यातच काम कर. दुपारी ४३ अंशांत तापलेल्या लोखंडावर रंग टेकण्याआधीच वाळतो आणि भुकटीसारखा बसतो. दोन हात प्रायमर, वर दोन हात रंग. चॅसी क्रमांक, ब्रेकचे ड्रम, वायरच्या अर्थिंगच्या जागा, बोल्टचे आटे आणि ग्रीसचे निपल आधी टेपने झाकून घे. पाट्यांच्या पट्ट्यांच्या मधे रंग जाऊ नये. तिथे ग्राफाइटचे ग्रीस योग्य.

शेवटचे, पोकळ पाईपांचे. मागच्या आडव्या पाईपला खालून निचऱ्याची तीन छिद्रे आहेत, पैकी दोन कारखान्यातल्या रंगाने बुजलेली मी पाहिली. ती तारेने मोकळी कर. तपकिरी पाणी आले तर घाबरू नकोस, पण मला लगेच कळव. मोबाइलला जोडायचा नळीचा छोटा कॅमेरा माझ्याकडे आहे, त्याने आत पाहता येईल. आत कोरडे झाल्यावर लांब नळीच्या फवाऱ्याने मेणयुक्त तेल मारायचे. ते कधी कडक होत नाही, सांध्यांत शिरते आणि दरवर्षी पावसाळ्याआधी पुन्हा मारता येते. नवीन छिद्र मात्र चॅसीला स्वतःहून पाडू नकोस, बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

विक्रेत्याचे उत्तर काहीही येवो, मेच्या पहिल्या शनिवारी मी येतो आहे. माझे तारेचे कप ब्रश, दोन घोड्या आणि तो कॅमेरा सोबत आणीन. तू सागाचे ठोकळे आणि चांगल्या पाण्याची सोय करून ठेव. तोपर्यंत पोटॅशची पोती तेवढी हलव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
भुसावळचा मित्र