कोकुमची खोली

विनिपेग, कॅनडा, 14 जानेवारी

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज आला तेव्हा नाइट ड्यूटीवर होतो. ‘तिकडच्या आदिवासींचं दवाखान्यात कसं असतं रे?’ याचं उत्तर मेसेजमध्ये मावेना, म्हणून पत्र.

आधी माझीच चूक सांगतो. नोकरीला दोनच महिने झाले होते. उत्तरेकडून एका क्री म्हातारीला विमानानं आणलं. क्री ही इथली एक आदिवासी जमात. तिकडच्या कित्येक वस्त्यांना रस्ताच नाही. हिवाळ्यात तळी गोठली की बर्फावरून गाड्या जातात, एरवी विमानच. तिच्यामागून सोळा माणसं आली. मी नियम सांगितला, ‘पेशंटजवळ दोघंच.’ कुणी वाद घातला नाही. सगळे गुमान लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले. ते गुमान जाणं मला अजून खुपतं. माझ्या आजोबांच्या वेळी व्हरांड्यात सतरंज्या टाकून आपण किती जण पडलो होतो, आठवतं?

सीनियर नर्सनं मला तळमजल्यावरची एक खोली दाखवली. गोलात मांडलेल्या खुर्च्या, किटली, आणि भिंतीवर पंख्याचं मोठं बटण. शिंपल्यात सेज नावाच्या सुगंधी वनस्पतीची वाळकी पानं पेटवतात, पिसानं धूर हलवतात आणि ओंजळीनं तो डोक्यावरून, छातीवरून घेतात. आपण आरती घेतो ना, अगदी तसं. त्याला स्मजिंग म्हणतात. एरवी इस्पितळात धूर झाला की भोंगा वाजणार, म्हणून तो बाहेर खेचायची ही सोय.

म्हाताऱ्यांना इस्पितळाची धास्ती उगाच नाही. सरकारनं त्यांच्यासाठी ‘इंडियन हॉस्पिटलं’ वेगळी काढली होती. या प्रांतात ब्रँडनला होतं, क्लिअरवॉटर लेकला होतं. क्षयाचे पेशंट तिथे वर्षानुवर्षं पडून असत. इनुइटांना, म्हणजे पार उत्तरेकडच्या बर्फाळ भागातल्या आदिवासींना, तर जहाजानं दक्षिणेत आणत. काही परतलेच नाहीत, आणि कुठे पुरलं तेही घरी कळलं नाही. हे जुनं झालं म्हणशील, तर 2008 मध्ये याच शहरात ब्रायन सिंक्लेअर नावाचा आदिवासी माणूस इमर्जन्सीच्या वेटिंग हॉलमध्ये व्हीलचेअरवर 34 तास बसून मेला. मूत्राशयाचा संसर्ग, बरा होण्यासारखा. काहींना वाटलं, पिऊन झोपलाय.

आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं, त्याची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगानं 2015 मध्ये 94 मागण्या मांडल्या. त्यातली 22वी अशी की आदिवासींची उपचारपद्धत माना, आणि पेशंटनं मागितलं तर त्यांच्या वैदूंना, वडीलधाऱ्यांना सोबत घ्या. आमच्याकडे खोलीचा विषय निघाला की हा आकडा निघतोच.

तरी मला आपल्या गडचिरोलीतलं शोधग्राम आठवतं. झोपड्यांसारखे वॉर्ड, दवाखान्याला त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव, नातलग पेशंटसोबत. बंग दांपत्यानं आधी गोंडांना विचारलं, मग दवाखाना बांधला. इथे आधी मजले चढवले, मग एक खोली शोधली. आणि तिची किल्ली सिक्युरिटीकडे, रात्री बंद! माणसं काय नऊ ते पाचच मरतात?

असो. त्या दिवशी म्हातारीला पलंगासकट खाली नेलं. नातवंडं ‘कोकुम, कोकुम’ करत भोवती बसली. मला वाटलं, सरबत मागतायत! कोकुम म्हणजे आजी. एका पोरानं माझ्या हातावर बॅनकचा तुकडा ठेवला, जाड दशमीसारखा. ज्याला तासाभरापूर्वी मी बाहेर काढलं होतं, तोच तो. उभ्यानंच खाल्ला.

काकूंना नमस्कार. आश्रमशाळेतल्या त्या तापकरी पोराचं काय झालं, कळव.

तुझा,
दाद्या