हर्डल्सवाल्या ताईंना

ताई,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘आधी चहा ठेवा’ म्हणून विषय मोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

लेकीने हर्डल्स, म्हणजे शंभर मीटरची अडथळ्यांची शर्यत, घेतली तेव्हा मला वाटायचं, पळायचं नि उडी मारायची, त्यात काय! मरीन लाइन्सच्या मैदानावर पहिल्याच दिवशी तुम्ही पोरींनी उलटे लावलेले हर्डल एकेक करून फिरवलेत. त्याचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला हवेत, म्हणजे ठोकर लागली की तो पुढे आडवा होतो. उलटा असला तर जागचा हलत नाही, गुडघा फोडतो. मग टेप धरून पहिल्या हर्डलपर्यंत १३ मीटर मोजलेत, पण पुढे दोन हर्डलमध्ये ८.५ ऐवजी साडेसातच ठेवलेत. “तीन स्टेप बसू देत, अंतर मग वाढवू.” आमची चार टाकायची, त्यामुळे दर हर्डलला उडीचा पाय बदलायचा. आता बदलत नाही.

पण खरे आभार त्या संध्याकाळचे. तिची सगळ्यात चांगली वेळ हातातल्या स्टॉपवॉचवरची, म्हणून धरली नाही. पोर जेवेना. ड्यूटीवरून थेट आमच्याकडे आलात आणि समजूत न घालता हर्डल्स पळणाऱ्या ज्योती याराजीचं सांगत बसलात. विशाखापट्टणमची मुलगी, वडील सिक्युरिटी गार्ड, आई हॉस्पिटलात साफसफाईला. अनुराधा बिस्वाल यांचा १३.३८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम २००२ पासूनचा. ज्योती २०२० मध्ये १३.०३ पळाली, तांत्रिक कारणांनी मान्य नाही. २०२२ मध्ये कोझिकोडला १३.०९, वारा पाठीशी सेकंदाला २.१ मीटर, विक्रमाला मर्यादा २.० ची, तेही गेलं! मग मे महिन्यात सायप्रसला १३.२३ पळाली आणि विक्रम झाला. म्हणजे आधीच्या दोन्हींपेक्षा हळू पळून. यावर लेक पहिल्यांदा हसली.

हांगझोऊचं तर तुम्ही उभं राहून करून दाखवलंत. २०२३ च्या एशियन गेम्सची फायनल, शेजारच्या लेनमधल्या चिनी धावपटूने बंदुकीच्या आवाजाआधी सुटायचं आणि बाद ज्योतीलाही करायचं! ती पंचांशी भांडली, धावली, आणि शेवटी १२.९१ ला रौप्य. पॅरिसला ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीत उतरलेली ती पहिली भारतीय बाई, हे तुम्ही जाता जाता दारातून सांगितलंत. माझ्या मते तीच मोठी गोष्ट होती, पण तुमचा जीव त्या भांडणात.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोर माझ्या आधी तयार.

पुढच्या वर्षी हर्डलची उंची ७६.२ वरून ८३.८ सेंटिमीटरवर जाईल, तेव्हा तुमची सुटका नाहीच. फी तुम्ही घेत नाही. लोकलचा पास काढून द्यावा, तर तुम्ही रेल्वेतल्याच! तेव्हा रविवारी जेवायला या. सुरमई आणतेय, आणि चहा मी विचारल्याशिवाय मागायचा नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची वहिनी