तान्ह्या बाळांना कसलं टेन्शन?

मनू,

परवा तू म्हणालीस, बाळांची सायकॉलॉजिस्ट व्हायचंय म्हटलं की सगळे हसतात, विचारतात तान्ह्या पोराला कसलं आलंय टेन्शन. अगं मला या कामात बावीस वर्षं झाली तरी हेच ऐकतेय, नातेवाईकांसकट.

एक केस सांगते, ओळख कळू नये म्हणून थोडी बदलून. चौदा महिन्यांचं बाळ, तक्रार काय तर आईकडे बघतच नाही. तिचं आधीचं बाळ गेलेलं. याचं सगळं ती वेळच्या वेळी करायची, पण उचलायची ते गरम भांडं उचलावं तसं. मी खाली जमिनीवर बसून दोघांच्या खेळण्याचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि पुढच्या वेळी तिलाच दाखवला, थांबवत थांबवत. ती खेळणं घ्यायला वळली की पोरगं दर वेळी तिच्या पाठीकडे टक लावून बघायचं आणि ती फिरली की नजर खाली. तेवढाच तुकडा तिने तीनदा बघितला, मग म्हणाली, "बघतो की हा माझ्याकडे." मी गप्प बसले. त्या दिवशीचं काम तेवढंच, फाइलवर नाव बाळाचं असलं तरी औषधपाणी चालतं ते दोघांच्या नात्यावर. सेल्मा फ्रायबर्ग या बाल-मनोविश्लेषक बाईने 1970 च्या दशकात मिशिगनमध्ये हे सुरू केलं तेव्हा ती आणि तिची माणसं चक्क लोकांच्या घरी, स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

बाकी ग्लॅमर शून्य. सेशनला बाळ झोपलेलं असतं, गुडघे दुखतात, आणि काही घरांतून निघताना पोटात गोळा येतो. सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या केसेस अनुभवी माणसाशी नियमित बोलणं, ते मात्र चुकवू नकोस, मी सुरुवातीला चुकवलं आणि ते सगळं घरी घेऊन यायचे.

घरी म्हणजे तुझ्याकडे. एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग तू शिकशीलच, 1978 मध्ये छापून आलेला, आईने थोडा वेळ चेहरा मख्ख ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, काहीच होईना की तोंड फिरवतं. मी तो लोकांना शिकवायचे आणि संध्याकाळी तसाच मख्ख चेहरा घेऊन तुझ्यासमोर बसायचे. तू तीन वर्षांची, माझी हनुवटी दोन्ही हातांनी धरून तोंड आपल्याकडे वळवायचीस. खूप वर्षं मला त्याची लाज वाटायची. मग ट्रॉनिकचंच पुढचं काम नीट वाचलं, की चांगल्या चाललेल्या जोड्यांमध्येसुद्धा आई-बाळाचा सूर बराचसा वेळ जुळलेला नसतो, तो तुटतो आणि परत जुळवला जातो, आणि बाळ शिकतं ते त्या परत जुळण्यातून. म्हणजे आपल्या घरात ते काम तू करत होतीस गं, माझ्याऐवजी.

कोर्सच्या फॉर्मची शेवटची तारीख बघून ठेव. फोन साडेनऊनंतर कर, त्याआधी मी नोट्स लिहीत असते.

आई