बोटीचं नाव नोंदवण्याआधी

पैठण

चि. लेकरास,
अनेक आशीर्वाद.

बोटीला 'गोदावरी' नाव द्यायचं म्हणतोस. चांगलंच आहे. पण हे गाडीचा फॅन्सी नंबर राखून ठेवण्यासारखं काम नाही. अमेरिकेच्या कोस्ट गार्डकडे, म्हणजे तिथल्या तटरक्षक दलाकडे, एकाच नावाच्या कितीही बोटी नोंदवता येतात, बोट ओळखतात ती त्यांनी दिलेल्या ऑफिशियल नंबरावरून. तरी नाव शोधून बघच, ते रेडिओसाठी. एका बंदरात दोन 'गोदावरी' असल्या तर चॅनल 16 वर, म्हणजे बोटी एकमेकींना हाक मारतात त्या रेडिओ चॅनलवर, हाक कुणाला आली, हे कळायचं नाही.

शोधताना खरी मेख आपल्या स्पेलिंगची. नाव रोमन लिपीतच लागतं. मग गोदावरीत व्ही की डब्ल्यू? 'नाथसागर' ठेवलंस तर एक शब्द की दोन? नोआ फिशरीजच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी मत्स्य खात्याच्या, साइटवर बोटीच्या नावाने शोधता येतं, तिथे प्रत्येक स्पेलिंग वेगळं टाकून बघ. काहीच सापडलं नाही तरी हुरळू नकोस. त्या यादीत फक्त कोस्ट गार्डकडे नोंदलेल्या बोटी असतात, नुसत्या राज्याच्या नंबरावर चालणाऱ्या नसतात. म्हणून तुझ्या धक्क्यावर एक फेरी मार आणि बोटींची मागची बाजू वाचत जा.

नाव नाकारतात ते वेगळ्याच कारणांनी. 33 अक्षरांपेक्षा लांब नको. शिवी किंवा कुणाच्या वंशाला हिणवणारा शब्द नको. 'मेडे', 'पॅन-पॅन' अशा संकटाच्या हाकेसारखं नको. लिहिण्याबरोबर उच्चारही बघतात. आपल्याकडे 'फक्कड' म्हणजे कौतुक, पण इंग्रजी कानाला ते कसं लागेल, तूच बघ.

नावासोबत हेलिंग पोर्ट, म्हणजे बोटीचं गाव, लिहावं लागतं. तिथे पैठण लिहायची हौस असेल तर सोड, अमेरिकेतलंच गाव आणि त्याचं राज्य लागतं.

कोस्ट गार्डकडे नोंदवायला बोट किमान 5 नेट टनांची हवी. हे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप आहे, 100 घनफुटांना 1 टन. साधारण 25 फुटांपुढची बोट त्यात बसते. अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ते तुझं झालंच आहे.

जुनी बोट घेतोयस, तर आधी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ऑफ टायटल, म्हणजे बोटीच्या मालकीचा आणि कर्जाचा नोंदलेला इतिहास, मागव. आपण सातबाऱ्यावर बोजा बघतो, तसंच. बिल ऑफ सेलवरचा, म्हणजे खरेदीखतावरचा, ऑफिशियल नंबर त्याच्याशी ताडून बघ. नवं नाव 1258 नंबरच्या फॉर्मवर लिहायचं. बँकेचं कर्ज नोंदवून बोट घेतलीस, तर पुढे नाव बदलताना त्या बँकेची संमती लागेल, म्हणून आत्ताच नीट ठरव.

नोंदणीचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत नावाचे स्टिकर करायला टाकू नकोस, एक अक्षर चुकलं तरी पैसे पाण्यात. नाव आणि गाव बाहेरून दिसेल अशा एकाच जागी, किमान 4 इंच उंचीच्या अक्षरांत. ऑफिशियल नंबर आतल्या बाजूला, सांगाड्याच्या पक्क्या भागावर, किमान 3 इंच. तो पाटीवर लिहून दोन स्क्रूंनी लावलास तर चालायचं नाही, काढला तर खूण राहिली पाहिजे.

नोंदणीनंतर सरकारी वाटणारी पत्रं येतील, 'रिन्यू करा, इतके भरा' म्हणून. त्यातली बरीच खासगी कंपन्यांची असतात. पैसे थेट कोस्ट गार्डच्याच साइटवर भर. रेडिओचा एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक, जिथे नोंदवला असेल, तिथेही नाव बदलून घे.

स्पेलिंग ठरलं की आईला कळव, तिला व्हीच हवा आहे.

तुझे,
बाबा