कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातल्या वाटाड्या मामांना

मामा, रामराम.

हिवाळा लागला की कळसूबाईला नवखी पावलं वाढतात. पावसाळ्यातली निसरड संपलेली, उन्हाचा ताप नाही, हवा स्वच्छ. त्यात १६४६ मीटर म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, म्हणून पहिल्या डोंगरासाठी हेच नाव आधी सुचतं. अशा नवख्यांना घेऊन आम्ही येतो, पुढे चालता तुम्ही. आमच्या यादीत नसलेलं बरंच काही तुम्ही त्यांच्या अंगवळणी पाडलंत, त्याचे आभार मानायचे आहेत. चारचौघांत मानतोय, कारण पुढच्या रविवारी कुणीतरी दुसरं पहिल्यांदा बूट चढवत असेल.

सगळ्यात मोठं ऋण घामाच्या धड्याचं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा खोलगट भागात साचते. पहाटे गावात हुडहुडी भरते, आणि मंडळी स्वेटर, जॅकेट, कानटोपी असा सगळा सरंजाम चढवून चालायला लागतात. वीस मिनिटांत बनियन चिंब. तुम्ही गाव सोडण्याआधीच सगळ्यांचे स्वेटर पिशवीत टाकायला लावता. "पहिली दहा मिनिटं कुडकुडलात तर बरोबर निघालात," हे तुमचं वाक्य आता आम्ही प्रत्येकाला सांगतो. सुती कपडा घाम धरून ठेवतो, माथ्यावरचा वारा त्यावर बसला की अंगातली ऊब झपाट्यानं जाते. म्हणून चालताना लवकर वाळणारा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट, पिशवीत प्लास्टिकमध्ये बांधलेला एक कोरडा टी-शर्ट, त्यावर स्वेटर आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं पातळ जाकीट. वर पोचल्यावर आधी ओला कपडा काढायचा, मग फोटो.

सूर्योदयाचंही तसंच. हौशी लोक मध्यरात्री निघतात, साडेचारलाच माथ्यावर पोचतात आणि सात वाजेपर्यंत देवळाच्या आडोशाला दातखीळ बसलेल्या अवस्थेत बसतात. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो. नवख्याला चढायला तीन ते चार तास लागतात, तेव्हा तीनच्या आत निघायचं कारण नाही. लवकर पोचलेल्यांना तुम्ही वाटेवरच्या शेवटच्या लोखंडी शिडीच्या अलीकडेच, विहिरीपाशी थांबवता आणि फटफटल्यावर वर नेता. इतकी साधी गोष्ट, पण थंडी बाधल्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

शिड्यांवर पहाटे दव असतं. लोकरीचे हातमोजे ओल्या गजावर सरकतात, उघड्या हातांची बोटं बधिर होतात. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे हवेत, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. एका शिडीवर एका वेळी एक माणूस, तोंड शिडीकडे, उतरतानाही शिडीकडेच. दोन हात आणि दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवायचं.

खरी परीक्षा उतरणीवर. हिवाळ्यात वाट कोरडी पडते, मातीवर बारीक खडे सुटतात, घसारा तयार होतो. वाळलेलं गवत उताराच्या दिशेनं आडवं होतं, त्यावर बूट पडला की पाय गेलाच. घाबरलेला माणूस मागे रेलतो, त्यामुळे वजन टाचेवर जातं आणि तो बसतो. तुम्ही गुडघे किंचित वाकवून, पूर्ण तळवा टेकवत, वीतभर पावलं टाकायला लावता. गवताचा शेंडा धरून आधार घेणाऱ्याला तुम्ही दरडावता ते योग्यच: आधार कातळाचा किंवा काठीचा. उतरायच्या आधी बुटाची लेस घोट्यापाशी घट्ट करायची, नाहीतर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं दोन दिवस आधी कापलेली असावीत.

आणि तुमची ती सुतळी! माळ्यावर चार-पाच वर्षं पडलेले बूट वरून धडधाकट दिसतात, पण तळव्याचा फेस आणि गोंद आतून भुरभुरलेला असतो. अर्ध्या वाटेत सोल जबडा उघडतो. तुम्ही टाच आणि चवडा यांच्यामधल्या खोलगट जागेतून सुतळीचे तीन वेढे घेता, घोट्यामागून फिरवून पुढे गाठ मारता. चवड्याखालून सुतळी गेली तर खडकावर घासून तुटते, हे तुम्ही दाखवेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. आता आम्ही निघायच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला बूट दोन्ही हातांनी वाकवून बघायला सांगतो. भेगा दिसल्या किंवा कडा सुटली, तर ते बूट घरीच.

पाण्याचं थोडक्यात. थंडीत तहान लागत नाही, म्हणून माणूस पीत नाही, मग दुपारी डोकं धरतं, पोटऱ्यांत गोळे येतात. माणशी अडीच लिटर, दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट. सोबत गूळ-शेंगदाणे, खजूर आणि १ लिटर पाण्यात कालवायचं क्षारसंजीवनीचं पाकीट. बसायचं ते पाच मिनिटंच, वीस मिनिटं बसलं की अंग आखडतं.

शेकोटीला तुम्ही ठाम नाही म्हणता, त्याबद्दल वेगळे आभार. डिसेंबरपासून गवत काडीसारखं पेटतं. एका ठिणगीनं वणवा लागला तर तुमच्या जनावरांची वैरण जाते, आणि शहरातला पाहुणा तोवर घरी पोचलेला असतो.

नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगणं: गावातला वाटाड्या घ्या, मानधन आदल्या दिवशी ठरवा, घासाघीस करू नका. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधार झपकन पडतो, तेव्हा चारच्या आत शेवटची शिडी उतरलेली असावी. तरीही प्रत्येकाकडे डोक्याला लावायची विजेरी हवी. मोबाईलच्या उजेडात एक हात अडकतो, आणि गारठ्यात त्याची बॅटरी लवकर मान टाकते.

मामा, पौषात दहा जणांना घेऊन येतोय, त्यांतले सात पहिल्यांदाच. बूट वाकवून पाहिलेत, दोन जोड्या बाद केल्यात. सुतळी आम्हीही आणतोय. नागलीच्या भाकरीचं आणि पिठल्याचं तेवढं घरी सांगून ठेवा.

तुमच्या मागून चालणारी,
मुंबई-नाशिकची मंडळी