काकू, तुम्ही कारण विचारलं नाहीत

प्रिय काकू,
प्रभूमध्ये सलाम.

सेवेचं प्रशिक्षण अर्धवट सोडून मी परत आले तेव्हा आपल्या चर्चच्या मंडळीत सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी बायबलमधलं रोमकरांस 8:28 ऐकवलं, ‘देव सगळ्यांतून कल्याणच करतो’ म्हणाले आणि चपला घालून चालू लागले. वचन खरंच आहे, पण ते कुणाच्या तोंडावर मारायला दिलेलं नाही. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र निदान सात दिवस गप्प बसले होते. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर.

तुम्ही कारणच विचारलं नाहीत. उपासना संपता संपता माझ्या गीतपुस्तकात एक चिठ्ठी सरकवलीत. त्यावर पुढच्या रविवारचं शास्त्रवाचन आणि खाली पेन्सिलीने, ‘सावकाश वाच, मागच्या बाकांवर ऐकू येत नाही.’ बस्स, एवढंच. मी वाचणार हे तुम्ही धरूनच चालला होतात. त्या चिठ्ठीवर मी घरी जाऊन किती रडले, ते तुम्हाला आज पहिल्यांदा कळेल.

इफिसकरांस 2:8 मला लहानपणापासून पाठ. तारण कृपेने, आपल्या कर्मांनी नव्हे. पण लायकी सिद्ध करायच्या आत कुणी काम सोपवलं की कसं वाटतं, ते त्या आठवड्यात कळलं. दोनच वचनं पुढे, देवाने आपल्यासाठी आधीच योजून ठेवलेल्या सत्कृत्यांचा उल्लेख आहे. सल्ला देणारी मंडळी तिथवर सहसा पोचत नाहीत.

मला सारखा बायबलमधला मार्क आठवतो. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्या प्रचारफेरीतून, पंफुल्या प्रांतातून माघारी फिरलेल्या त्या पोराला पौल पुन्हा सोबत न्यायला तयार नव्हता. त्यावरून बर्णबाशी कडाक्याचं वाजलं, दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला. (तो निदान त्याचा नातलग होता. तुमचं-माझं तर तेही नाही.) पुढे तोच पौल कैदेतून आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधली वर्षं त्याला कुणीतरी सांभाळून घेतलं, म्हणून तर!

कुप्राला गेल्यावर मात्र बर्णबाचं नाव बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पुन्हा येत नाही. तुमच्या बाबतीत तसं व्हायला नको, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. नाव तेवढं गाळलंय, कारण तुम्ही रागवाल.

तुमची,
शास्त्रवाचनवाली